नळी क्रमांक सात ऑटोक्लेव्हमध्ये न घालणेबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, दुसरा मजला.

विषय: प्रथम वर्ष सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेच्या फ्रीजमधील नळी क्रमांक सात, म्हणजेच ‘मावशी’, नष्ट न करणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) जुन्या जिवाणूंच्या छाननी समितीचे ६ ऑगस्टचे ‘अंतिम संधी’ पत्र.

महोदय,

१. समितीच्या फॉर्ममध्ये ‘जिवाणू केव्हा मिळाला’ असा रकाना आहे. ज्या वर्षी अर्जदाराची थोरली मुलगी शाळेची शेवटची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि तिचीच जुनी पुस्तके घेऊन वयाच्या चाळिशीत अर्जदार अक्षरे गिरवायला बसला, त्या वर्षी. आज त्याला एकतीस वर्षे झाली. तारीख विचाराल तर सांगता येणार नाही. तेव्हा अर्जदाराला तारखा वाचता येत नव्हत्या.

२. अर्जदार सदर प्रयोगशाळेत परिचर होता. बशा उकळणे, जिवाणू वाढवायचे माध्यम बशांत ओतणे, बर्नर पेटवून देणे आणि मुलांनी बर्नरवर बाही धरली की ती विझवणे, ही कामे त्याची. त्याची पत्नी त्याच खात्यात रोजंदारीवर काचसामान धूत असे. मुले अर्जदाराला मामा म्हणत आणि तिला मावशी. हे नाते कसे जुळते ते कोणी विचारले नाही.

३. पहिल्या वर्षाचे पहिले प्रॅक्टिकल असे की, न धुतलेले बोट माध्यमाच्या बशीवर टेकवायचे, बशी दोन दिवस उबेत ठेवायची आणि काय उगवते ते पाहायचे. त्या दिवशी जुने सर वर्गापुढे बशी हातात धरून समजावत होते. तेवढ्यात अर्जदाराची पत्नी धुतलेल्या नळ्या घेऊन आत आली. ती दर शनिवारी हजेरीपटावर अंगठा लावत असे. साहेबांनी गोल, सपाट, ओलसर वस्तू पुढे धरली आहे, एवढे तिने पाहिले. तिने नळ्या खाली ठेवल्या, बशीवर अंगठा नीट दाबला आणि कागद कुठे आहे म्हणून टेबलावर शोधू लागली. वर्ग हसला. सर हसले नाहीत. तिने विचारले, ‘साहेब, हजेरी लागली ना?’ सर म्हणाले, ‘लागली.’ आणि बशीचे झाकण लावून त्यांनी त्यावर आकडा घातला, सात.

४. दोन दिवसांनी त्या बशीत लिंबासारखी पिवळी, गोल वसाहत उगवली. निरुपद्रवी, कातडीवर राहणारा जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली चार-चारच्या घोळक्याने बसलेला दिसतो, आणि जांभळा रंग एकदा घेतला की स्पिरिटने धुतले तरी सोडत नाही. शिकवायला याहून सोपा जिवाणू नाही, असे सर म्हणत. म्हणून त्यांनी तो बशीतून नळीत घेतला आणि नळीवरही सातच आकडा घातला. तेव्हापासून एकतीस तुकड्यांनी जर्नलमध्ये पहिले चित्र तिचे काढले आहे. मुलांनीच तिचे नाव मावशी ठेवले. ‘मामा, मावशी उगवली का?’ असे रोज सकाळी दारातून विचारत.

५. एकदा अर्जदाराने एका मुलीचे जर्नल पत्नीला वाचून दाखवले. तोवर त्याला जोडाक्षरे येऊ लागली होती. आकार गोल, रंग पिवळा, पृष्ठभाग चकचकीत, कडा सरळ, हालचाल नाही. ती म्हणाली, ‘बाकी सगळं खरं असेल, पण हालचाल नाही हे कोणी लिहिलं? सकाळपासून टेकले नाही मी.’

६. जिवाणू नळीत नुसता ठेवून टिकत नाही. दर महिन्याला तार लाल होईपर्यंत तापवून, गार करून, जुन्या नळीतून थोडा उचलून नव्या नळीत ओढावा लागतो. हे काम अर्जदार नोकरीत असताना करी आणि निवृत्त झाल्यावरही गेली अकरा वर्षे करतो. त्यासाठी त्याला दर वेळी पाहुण्याचा पास काढावा लागतो. भेटीचे कारण म्हणून तो ‘मावशी’ लिहितो. नव्या पहारेकऱ्याने मावशी आपल्या कोण लागतात असे विचारले. अर्जदाराने खरे ते सांगितले, बायको. तेव्हापासून पहारेकरी त्याच्याकडे बारकाईने पाहतो.

७. यंदा समितीने ठरवले की ज्या जिवाणूंचे कागद नाहीत ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या भांड्यात, घालून नष्ट करावेत. अर्जदाराने फॉर्म आणला. त्यात चौदा रकाने होते. ‘पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा’ या रकान्यात त्याने लिहिले, ‘उजवा अंगठा’. तीन छायाचित्रे मागितली होती, त्याने तीन मुलांनी जर्नलमध्ये काढलेली मावशीची चित्रे जोडली. ‘एकूण संख्या’ हा रकाना मात्र त्याने कोरा सोडला. तासा-दोन तासांत एकाचे दोन होतात आणि अर्ज तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोचायला नऊ दिवस लागतात, तेव्हा कोणता आकडा लिहावा? आवक-जावक बाई म्हणाल्या, ‘कोरा रकाना मी घेत नाही, मामा. वरून मला बोलणी बसतात.’ आणि त्यांनी स्वतःच्या पेनाने ‘अंदाजे पाच’ असे लिहिले.

८. पुढे समिती पाहणीला आली. सदस्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. त्यांना पाचापेक्षा जास्त दिसले. त्यावर ‘मंजूर संख्येत विनापरवानगी वाढ का झाली’ याचा खुलासा अर्जदाराकडे मागण्यात आला. अर्जदाराने तो दोन पानी दिला आणि त्यात पहिल्या वर्षाचा तिसरा धडा जसाच्या तसा उतरवला. उत्तर आले की खुलासा असमाधानकारक असून यापुढे वाढ होणार नाही असे हमीपत्र द्यावे. अर्जदाराने तेही दिले आणि नळी फ्रीजच्या मागच्या, जास्त थंड कप्प्यात सरकवली. याहून जास्त समज त्याला जिवाणूला देता येत नाही.

९. त्यानंतर पत्र आले की जिवाणू ज्या व्यक्तीच्या अंगावरून घेतला तिची संमती हवी आणि व्यक्तीने जातीने हजर राहावे. मे महिन्यात अर्जदार पत्नीला घेऊन आला. लिफ्ट बंद होती. ती दर पाच पायऱ्यांनी थांबत वर चढली. अर्जदार म्हणाला, परत जाऊ. ती म्हणाली, ‘आले आहे तर लावून जाते.’ वर टेबलावर अंगठा घेणारे यंत्र होते. तिने अंगठा ठेवला. यंत्राने घेतला नाही. असे सात वेळा झाले. लिपिक समजूतदार मुलगी होती, ओरडली नाही. ती म्हणाली, ‘आजी, नीट पुसून लावा.’ पत्नी म्हणाली, ‘बाळा, पुसून पुसूनच गेलाय तो.’ आणि ते खरे होते. सोड्याच्या पाण्यात विद्यापीठाच्या नळ्या धुवून तिच्या अंगठ्यावर एकही रेघ उरली नव्हती. शेवटी यंत्राच्या पडद्यावर ‘व्यक्ती आढळली नाही’ असे आले आणि लिपिकाने ते नोंदवहीत उतरवले. नोंद अशी आहे: ‘संबंधित व्यक्ती स्वतः हजर, परंतु आढळून आली नाही.’ नोंदीवर तिघांच्या सह्या आहेत.

१०. उतरताना ती जिन्यात हसत होती. म्हणाली, ‘काय हो, तिकडे बशीत दोन दिवसांत उगवते मी. इकडे यंत्रात नाहीच.’

११. आता ६ ऑगस्टच्या पत्राने अंतिम संधी दिली आहे. व्यक्तीने २० ऑगस्ट रोजी ताज्या अंगठ्यासह हजर राहावे. न राहिल्यास २१ ऑगस्टला नळी क्रमांक सात एकशे एकवीस अंशांवर पंधरा मिनिटे ठेवण्यात येईल. अर्जदाराची पत्नी त्या दिवशी हजर राहू शकत नाही. कारण सोबतच्या यादीत शेवटी दिले आहे. ते इथे वर लिहिले असते तर अर्ज सहानुभूतीच्या टेबलाकडे वळवला गेला असता, आणि ते टेबल तिसऱ्या मजल्यावर आहे.

१२. तरी अर्जदाराचे म्हणणे एवढेच की समितीला तिचा अंगठा हवा आहे आणि तो समितीच्याच फ्रीजमध्ये आहे. बशीवर लावलेला, सरांनी आणि पस्तीस मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. यंत्राला रेघा लागतात, बशीला लागत नाहीत. कोणाला शंका असल्यास नव्या बशीवर ओढून उबेत ठेवावे. दोन दिवसांत ती हजर होईल. २० तारखेसाठी बशी १८ ला ठेवावी लागेल, म्हणून हा अर्ज अर्जदार टपालात न टाकता स्वतः वर घेऊन येत आहे आणि उत्तर मिळेपर्यंत बाकावर बसणार आहे.

१३. हे मान्य नसल्यास दुसरी विनंती अशी. २१ तारखेला ऑटोक्लेव्ह अर्जदाराला लावू द्यावा. त्याची झडप गळते, ती कशी धरायची ते त्याला माहीत आहे. आणि नळी क्रमांक सात आत ठेवायची तर ती कोणा परक्याने ठेवू नये.

१४. दोन्ही विनंत्या अमान्य झाल्या तर निदान एवढे करावे. तिने विचारले होते, हजेरी लागली ना, आणि विद्यापीठाच्या वतीने सर म्हणाले होते, लागली. सर आता नाहीत. ती हजेरी खोडायची असल्यास कोणाच्या आदेशाने खोडली ते लेखी कळवावे. अर्जदाराला आता वाचता येते.

आपला नम्र, आणि तिसऱ्या धड्यापुरता विद्यार्थी,

(सही अर्जदाराने स्वतः केली आहे)
निवृत्त प्रयोगशाळा परिचर
दिनांक: १७ ऑगस्ट

सोबत:
१) एकतीस तुकड्यांच्या जर्नलमधील मावशीच्या चित्रांपैकी सांभाळलेली नऊ.
२) ‘विनापरवानगी वाढ’ खुलासा व हमीपत्र यांच्या प्रती.
३) ‘हजर, परंतु आढळून आली नाही’ या नोंदीची नक्कल.
४) माध्यम ओतलेली कोरी बशी, एक. कृपया तिरपी धरू नये.
५) मृत्यूचा दाखला. अर्जदाराची पत्नी मंगळवार, दिनांक ४ ऑगस्ट रोजी सकाळी सात वाजता राहत्या घरी वारली.