तोटी हळू फिरवा

३ फेब्रुवारी १९३४
नळ बंदच होईना! तोटी आवळावी तितकं कारंजं उंच. टाकी टेकडीवर, आमचं घर उताराच्या तळाशी — पाणी कसलं, अंगावर धावून येतं.

५ फेब्रुवारी
इब्राहिम मिस्त्री आला. दिवाळीत नळ त्यानेच बसवलेला. तोटी उघडली, आतलं काहीतरी मुठीत घेऊन खिशात टाकलं. "वायसर गेला, पंत. नवा घातलाय. पाण्याला जोर लय हाय इथं. तोटी हळू फिरवा."
म्हणजे चूक माझ्या मनगटाची!
आक्का देवघराच्या दारात उभी. माझी ही थोरली बहीण पाच मिनिटं गप्प राहिली तर वैद्य बोलवावा लागतो. आज चकार शब्द नाही.

१२ फेब्रुवारी
पुन्हा कारंजं. टेबलावरचे कागद भिजले. शाई वाहून गेली, राग नाही गेला. साप्ताहिकातल्या माझ्या सदरात नावानिशी लिहिलं — 'गोदावरी त्र्यंबकला उगम पावते. इब्राहिम मिस्त्रीने हात लावला की ती कुठेही पावते!' लिहून स्वतःच हसलो.

२० फेब्रुवारी
शेजारचे खंडेराव वाटेत भेटले. "काय झोडलंत! आम्ही मिस्त्री बदलला. गल्लीतल्या तिघांनीही बदलला." इब्राहिम म्हणे इगतपुरीला रेल्वेत काम बघतोय.
हसू आलं नाही. माझंही पाणी उंचावरूनच सुटतं की काय?

२२ फेब्रुवारी
मधे आक्काने कुणाकडून तरी नीट करून घेतलेली तोटी परत गळू लागली. पाणी यायच्या आधी मीच पकड घेऊन उघडली. आत वायसर नाही — जांभळ्या मुकट्याची घडी घातलेली चिंधी! आक्काच्या सोवळ्याचा मुकटा.
"चामड्याची चकती असते रे त्यात," आक्का म्हणाली. "चामड्यातून आलेलं पाणी देवाला घालू? मिस्त्री बसवून जायचा, मी भिका कासाराकडून बदलून घ्यायची."
"आणि मिस्त्रीला ठाऊक होतं?"
"दुरुस्तीला आला त्या पहिल्याच दिवशी. मीच हात जोडले — मला कळेपर्यंत दोन महिने चामड्याचं पाणी घातलं देवाला, बायकांना कळलं तर कुणी पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही माझ्या दारात. नाही बोलला बिचारा."
खरं छापावं तर आक्काची अब्रू जाते. न छापावं तर मिस्त्रीची रोजी. टीकाकाराला एवढं सोपं गणित सुटत नाही!

२३ फेब्रुवारी
इब्राहिमच्या घरी गेलो. दारात त्याची बायको नूरबानो. "आता काय लिहायचं राह्यलं?" आत वळकटी बांधून तयार.
इब्राहिम खाली बघून म्हणाला, "बाईंना जबान दिलीय, पंत. तुम्ही काय छापू नका."
मी त्याचं नाव छापताना त्याला विचारलं होतं?

२४ फेब्रुवारी
सकाळी नळाशी इब्राहिम. आक्कानेच निरोप धाडलेला. त्याने चामड्याची चकती बसवली, आक्का समोर उभी राहून बघत होती. मग तांब्या भरला, तोटी अगदी हळू फिरवली, देवघरात गेली. बाहेर येऊन मला म्हणाली, "छाप. माझं नाव घालून."