छत स्वतःच थंड राहतं

३ एप्रिल २०२५, सकाळी ६.१०
आजपासून आमच्या इमारतीचा ऊर्जा-अभ्यास. चंद्रपुरात हे कुणी केलेलं नाही. पायथन कोडिंग घरीच शिकलो. सर्टिफिकेट नाही, गरजही नाही. गच्चीवर सेन्सरचा डबा बसवला. वर चढायची गरज नाही, आकडे तळमजल्यावर मोबाइलवर येतात.

११ एप्रिल
बारापैकी नऊ घरांनी वीजबिल दाखवलं नाही. सॅम्पल तीन, त्यात एक माझं. पुरेसं आहे.

२० एप्रिल, दुपारी २.००
बाहेर ४४.६. छत फक्त ३३.२. रोज तेच. कोड दोनदा तपासला, चूक नाही. आमचं छत स्वतःच थंड राहतं. कारण बहुधा सिमेंट.

२६ एप्रिल
सोसायटीची मीटिंग. विषय: छत थंड ठेवायला चुन्याचा थर. गच्चीच्या थेट खाली, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या रुखमाबाई म्हणाल्या, भाऊ, भिंतीले हात लावता येत नाई, भट्टीत झोपून राह्यली मी. मी ग्राफ दाखवला. अनुभव वेगळा, डेटा वेगळा, हे नम्रपणे सांगितलं. अध्यक्ष गुणवंतराव म्हणाले, मशीनच सांगते तर चुना कायले. थर रद्द, गेटला रंग मंजूर. टाळ्या. बायकोने वाजवल्या नाहीत. दिव्यानीला ग्राफ कळत नाही.

६ मे
रुखमाबाईंना ऊन लागलं. दवाखान्यात भरती. घरातच असतात, ऊन कसं लागेल? पाणी कमी प्याल्या असणार.

८ मे, दुपारी २.००
छत ६३.८. कालही तसंच. सेन्सर बिघडला. नवा मागवतो.

९ मे
दवाखान्यात गेलो. सलाईन चालू. त्याच म्हणाल्या, तुमचा डब्बा उन्हात तळून राह्यला होता बापा, पाहावलं नाई. रोज ओलं पोतं टाकत होती त्याच्यावर. वाळलं का पुन्हा पाणी. दिवसाच्या पाच-सहा चकरा. आता कोणी टाकून राह्यलं का नाई?
हो म्हणालो.

१० मे
गुणवंतरावांना सगळं सांगितलं. म्हणाले, आता सांगता का राजेहो, गेट रंगून झालं. चुनेवाला म्हणतो, जूनपर्यंत हात रिकामा नाही.

१२ मे, दुपारी १.४०
उद्या डिस्चार्ज. डॉक्टर म्हणतात, थंड खोलीत ठेवा. दिव्यानीने आपल्याकडे राहायला बोलावलं. त्या म्हणाल्या, माही खोली सोडून कुठी जाऊ.
भर दुपारी गच्चीवर पहिल्यांदाच गेलो. चप्पल चिकटत होती. टेपने मोजून त्यांच्या पलंगाच्या बरोबर वरची जागा काढली. तिथे पोतं भिजवून टाकलं. पोतं सहा चौरस फूट. छत दोन हजार एकशे चाळीस.
पाऊण तासात वाळलं.