गुरं थांबत नाहीत

ओहायो, ३० मे १८९६

काय लेखकराव वेंडेल,

यादवी युद्धावरची तुझी कादंबरी आज आम्हा जुन्या सैनिकांच्या सभेत मोठ्यानं वाचली. रणातून पळणारा तो शिपाई म्हणजे मीच, हे सगळ्यांनी ओळखलं. पळालो हे मीच तुला सांगितलं होतं, त्याचा राग नाही. पण वर लिहितोस, 'वणव्यापुढे गुरं धावतात तसा तो धावला, त्यात त्याचा काय दोष?' अरे, तुझ्याकडे माफी मागितली होती कुणी? युद्ध संपल्यावर सात वर्षांनी जन्मलास तू!

वाचन संपल्यावर कझाया जवळ आली. तिचा भाऊ लायमन त्या दिवशी माझ्या शेजारीच पडला होता. माझा हात धरून म्हणाली, "ऑरिन, इतकी वर्षं तुला उगाच बोल लावला रे. भीतीपुढे माणूस तरी काय करणार?"

आणि मी मान डोलावली.

आता ऐक. गुरं थांबत नाहीत. मी थांबलो होतो. जखमी लायमनच्या कमरेची पाण्याची बाटली मी हलवून पाहिली. भरलेली होती, म्हणून सोडवून घेतली. "एक घोट तरी दे रे," तो म्हणाला. दिला तर मला पुरणार नाही, असा विचार केला मी. नीट विचार केला, आणि मग पळालो.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू हेही छापशील, आणि लिहिशील की तहानेनं करवलं.

तहान त्यालाही लागली होती.

तुझा मामा,
ऑरिन