माझा चेहरा आणि शुभंकरच्या टाळ्या

चामराजपेट, बुधवार

ती. रत्नाक्कास धाकट्या गिरीचा नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींना हुबळीचं ऊन बाधत नसेल असं धरून चालतो. इकडे अप्पा ठीक आहेत. मीही ठीक आहे, असं अप्पा सगळ्यांना सांगतात. फोन न करता हे टाइप करून पाठवतोय, कारण आवाजावरून तू लगेच ओळखतेस.

अक्का, ॲनिमेशन म्हणजे बसून माउस फिरवणं, असं भाऊजी समजतात. तसं नसतं गं. पात्राला राग आणायचा तर तो आधी आपल्या तोंडावर आणावा लागतो, म्हणून आमच्या जयनगरच्या स्टुडिओत प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असतो. नव्या फिल्मसाठी आमच्यातल्या एकालाच घेणार आहेत. त्यासाठी सुचेता मॅडमनी (पुण्याच्या, कौतुकसुद्धा तक्रारीच्या सुरात करतात) दोन अभ्यास दिले. पहिला मत्सराचा. मी चार दिवस भुवया, नाकपुड्या, ओठ, सगळ्यांना कामाला लावलं. बसमध्येही सराव केला, तर कंडक्टर काळजीने म्हणाला, "एन् सार, होट्टे नोवा?" पोटात दुखत होतंच, पण ते शुभंकरमुळे.

हा शुभंकर नागपूरचा. येऊन सहा महिने झाले नाहीत, तोच गेल्या महिन्यात त्याच्या कामाला मॅडम "बरंय" म्हणाल्या. मला सहा वर्षांत कधी म्हणाल्या नाहीत. तरी मी मोठ्या मनाने, तू पाठवलेला चकल्यांचा डबा घेऊन त्याचं अभिनंदन करायला गेलो. (डबा उघडायचं तेवढं राहून गेलं.)

सोमवारी सगळ्यांची कामं पडद्यावर लावली. माझं पात्र बघून मॅडमनी विचारलं, याला अक्कलदाढ येतेय का? मग शुभंकरचं लागलं. एक माणूस उभा. ओठांवर हसू, डोळ्यांत नाही. पावलं दाराकडे वळलेली, आणि छातीशी धरलेल्या डब्याच्या झाकणावर अंगठा घासतोय. बस, एवढंच. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, नाहीतर न वाजवणारा एकटाच दिसलो असतो. तेवढ्यात कॅमेरा डब्याजवळ गेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: सौ. रत्ना, हुबळी.

सगळं ऑफिस माझ्याकडे वळलं. "रागावू नका बरं, गिरीअण्णा," शुभंकर म्हणाला. "तुम्ही अभिनंदन करायला आलते ना, तेव्हाचं आहे. डोक्यातून जाऊनच नाही राहिलं."

चेहरा माझा, डबा तुझा आणि टाळ्या त्याला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याने वाईट हेतूने केलं असतं तर मला निदान भांडता आलं असतं. आता शुक्रवारी दुसरा अभ्यास आहे: दुसऱ्याच्या यशाचा मनापासून आनंद. दोन दिवस आरशासमोर बसतोय, आणि दर वेळी तोच डबेवाला माणूस समोर येतो.

बाकी क्षेम. कंबरेला शेक देत जा.

तुझा,
गिरीराज

ता. क. : मला ही नोकरी लागली त्याच दिवशी तुझा बँकेच्या परीक्षेचा निकाल आला होता, आणि तुझं नाव त्यात नव्हतं. तू मला पेढा भरवलास, त्याचा अप्पांनी तुझ्या मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. असेल तर उद्यापर्यंत पाठव. आजवर त्यात मी फक्त स्वतःलाच बघितलं. आता तुझा चेहरा बघायचाय.

ता. क. २ : तो शुभंकरलाही दाखवू का, असं विचारणार होतो. विचारत नाही. तू "दाखव" म्हणशील.