सुईचं भोक

ती. काका,

प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूचे काप काचेवर ठेवले की डावं-उजवं कळत नाही. म्हणून कापण्याआधीच मेंदूच्या डाव्या बाजूला सुईने बारीक भोक पाडायचं, हे तुम्हीच शिकवलंत. भोक मी पाडायचं, काप करून काचांवर तुम्ही लावायचे.

माझा पहिला शोधनिबंध नियतकालिकाकडून परत आला, कारण त्यात डावं-उजवं उलटं झालं होतं. मी माझ्या मार्गदर्शक सरांना म्हणाले, "काकांना हल्ली नीट दिसत नाही, भोक न दिसून त्यांनी काप उलटे लावले असतील." दृष्टी हा माझाच संशोधनाचा विषय, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. तुम्हीसुद्धा. "तू म्हणतेस तर असेल, पोरी," म्हणालात आणि महिन्याभरात नोकरी सोडलीत.

त्याच आठवड्यात मी सगळ्या काचा पुन्हा पाहिल्या होत्या. एकाही कापाला भोक नव्हतं. मी ते पाडायलाच विसरले होते.

तेवीस वर्षांनी परवा तुमची लेक भेटली. म्हणाली, "डॉक्टर सांगतात डोळे ठणठणीत आहेत, पण बाबांना पटत नाही. रस्ता ओलांडताना माझा हात सोडत नाहीत."

हे चौथं पत्र. आधीची तीन खणातच आहेत. तुम्हाला वाचता यावं म्हणून या वेळी अक्षर मोठं काढायला घेतलं, आणि पहिल्याच ओळीत थांबले: तुमचे डोळे अधू नाहीत, हेच तर मी लिहायला बसले होते.

तुमची,
पोर