दांडी डाव्या हाताला

कोल्हापूर,
रविवार, ता. ६ डिसेंबर २००९

चि. मृत्युंजय यास,

आक्काचे आशीर्वाद. (दरवेळी ‘अनेक’ लिहिते. या वेळी किती ते पत्र संपल्यावर ठरवीन.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, तसं ते नाही, हे पुढे कळेलच. तुझा खोकला कसा आहे? गेल्या गुरुवारी फोनवर तू दोनदा खोकलास. तो खरा खोकला होता की माझं बोलणं थांबवण्यासाठी काढलेला, यावर मी बराच विचार केला. ठरवता आलं नाही, म्हणून खरा धरून काढ्याची पुडी सोबत पाठवते आहे. राग वेगळा, खोकला वेगळा. दिवसातून दोनदा घे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी रागावले की तू ‘हं, हं’ म्हणतोस आणि मागून कॉम्प्युटरची टकटक ऐकू येते. पत्राला ‘हं’ म्हणता येत नाही.

तर भाऊबीजेची गोष्ट. मी तुला ओवाळलं आणि तू ताटात तो मोठ्या पडद्याचा मोबाईल ठेवलास. मला क्षणभर वाटलं माझ्यासाठी. (वाटायला नको होतं. पण ताट माझं होतं, तेव्हा वाटण्यात फार गैर नव्हतं असं अजूनही वाटतं.) तेवढ्यात तू म्हणालास, ‘हा आण्णांना.’ मग तू व्याख्यान दिलंस. श्रावणात अर्धांगाच्या झटक्यानं आण्णांचा उजवा हात गेला तेव्हापासून फिजिओथेरपीच्या बाई त्यांना रबरी चेंडू दाबायला सांगतात. ते जुनं झालं. आता जगात हाताच्या व्यायामाला गेम देतात. या मोबाईलमध्ये होडीचा गेम घातला आहे, नदीतून होडी हाकायची, खडक चुकवायचे. पडद्यावर बोट नीट बसणार नाही, तर टीव्हीच्या गेमला असतो तसा दांडीचा आणि बटणांचा एक कंट्रोलर घ्यायचा, तो हातात धरला की अंगठा सुटा होईल. ‘कुठंही मिळेल. आक्का, तू निवड.’ एवढं बोललास, चकली तोंडात टाकलीस आणि बंगळुरूच्या गाडीला पळालास.

‘तू निवड.’ मृत्युंजय, हे दोन शब्द तू जन्मभर मला म्हणत आला आहेस. आईच्या दवाखान्याची खोली, गावाकडच्या घराचा भाडेकरू, आण्णांनी कुणाकडे राहायचं. प्रत्येक वेळी मी निवडलं आणि प्रत्येक वेळी तू ‘आक्कानं निवडलंय म्हणजे बरोबरच असणार’ असं म्हणून मोकळा झालास. मी कचेरीत पंचवीस वर्षं आवक-जावक सांभाळते. एक कागद चुकीच्या फायलीत गेला तर मला जेवण जात नाही. अशा बाईला तू कंट्रोलर निवडायला सांगितलास.

पहिल्या दुकानात (राजारामपुरीत, नाव लिहीत नाही, माणसाचा धंदा आहे) मालकांनी टीव्हीच्या गेमचा रिमोट पुढे टाकला. त्याला हातभर वायर आणि वायरीच्या टोकाला नऊ भोकांचा जाडा प्लग. मी मोबाईल काढून दाखवला. त्याला चार्जरपुरतं एक भोक. मालकांनी भोक बघितलं, प्लग बघितला, आणि म्हणाले, ‘बसंल की.’ मी विचारलं, कसं बसेल? ‘घरी न्या, निवांत दाबा.’ मी बी.एस्सी. आहे हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण ते अहंकाराचं झालं असतं म्हणून गप्प राहिले. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

दुसरं दुकान शाहूपुरीत, सयाजी नावाच्या गृहस्थांचं. पन्नाशीचे, बोलायला बरे, घरच्या म्हशी आहेत म्हणून सकाळी दहापर्यंत दुकान उघडत नाहीत. ते म्हणाले, ‘आक्का, मोबाईलला बिनवायरचा कंट्रोलर असतोय. कोल्हापुरात कोण मागत न्हाय, मुंबईस्नं मागवायला लागंल.’ त्यांच्याकडच्या कागदावर दोन चित्रं होती. एक मोठा, दोन हातांनी धरायचा. एक लहान, एका मुठीत मावेल एवढा, पण महाग. मी दोन्ही चित्रांसमोर तास उभी राहिले. घरी येऊन रोजनिशीत दोन रकाने पाडले. तुला फोन केला, तू ‘हं’ म्हणालास. मोठा घेतला. कारण? खरं सांगते, स्वस्त होता. मी स्वतःला सांगितलं की मोठा धरायला सोपा. ते तेव्हा खरं वाटलं, आणि अशा वेळी जे खरं वाटतं त्यावर मी विश्वास ठेवायला नको, हे मला या वयात कळायला हवं होतं.

आठ दिवसांनी तो आला. तुझ्या दाजींनी तासभर खटपट करून मोबाईलशी जोडला. आण्णा रोज सकाळी पलंगावर बसून होडी हाकायला लागले. खडकाला आपटली की होडीला शिव्या, खडक चुकवला की ‘हाऽऽ, शाबास’. मला समाधान वाटलं. (तुझ्याबद्दल थोडं चांगलंही वाटलं. त्या तारखेला तसं लिहिलेलं आहे.) दोन आठवड्यांनी फिजिओथेरपीच्या बाई आल्या, दोन्ही हात तपासले आणि म्हणाल्या, ‘अरे वा! डावा हात काय छान झालाय!’

डावा. मृत्युंजय, त्या कंट्रोलरची दांडी डाव्या अंगठ्याला असते. होडी हाकणारी दांडी डावीकडे, उजव्या हाताला नुसती चार बटणं, आणि होडीच्या गेमला बटणं लागतच नाहीत. आण्णांचा धडधाकट डावा अंगठा पंधरा दिवस तालीम करत होता आणि आजारी उजवा हात शेजारी उशीवर ठेवलेला होता, लग्नात बसलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखा. मी रोज समोर बसून भाजी निवडत होते. माझ्या लक्षात आलं नाही! मग मी कंट्रोलर उलटा धरायला दिला, म्हणजे दांडी उजवीकडे. तेव्हा वर म्हटलं की होडी खाली जायला लागली. आण्णा म्हणाले, ‘ह्यो बैल जू घिऊन माघारी चाललाय,’ आणि कंट्रोलर खाली ठेवला. जगभरच्या कंपन्यांतून एवढे शिकलेले लोक बसले आहेत, तुझ्यासारखे. उजवा हात गेलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे एकदाही आला नसेल? त्यांचं मला काय, तुझ्या डोळ्यांपुढे का आला नाही? तू तर वडिलांच्या त्याच हाताला धरून शाळेत गेलास.

मी कंट्रोलर बदलून आणायला निघाले तर आण्णा म्हणाले, ‘मी येतो. बघितल्याबिगर जनावर घ्यायचं नसतं.’ चाळीस वर्षं वडगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. त्याला नाही कसं म्हणायचं? धोतर, पटका, खांद्यावर टॉवेल. रिक्षातून उतरायला दहा मिनिटं लागली. सयाजींनी त्यांना बघितलं आणि काउंटरच्या मागून बाहेरच आले. ‘आण्णाप्पा दलाल न्हवं? आमच्या बाबांची मुऱ्हा म्हस तुमीच दिलती. बारा वर्सं दूध खाल्लं आमी तिचं!’ आण्णांचा चेहरा मी श्रावणानंतर पहिल्यांदा तसा बघितला.

मग त्यांनी तो लहान कंट्रोलर हातात घेतला (सयाजींनी एक मागवून ठेवला होता). उलटा केला, सुलटा केला, दांडीचं बूड बघितलं, कानाशी धरून हलवला. ‘आता खोड सांगा, पावणं.’ बाजारात जनावर विकणाऱ्यानं त्याची खोड आधी सांगायची असते, मारकी आहे का, पान्हा चोरते का. न सांगता विकली तर दुसऱ्या बाजारी सगळ्यांसमोर तोंड काळं. सयाजी डोकं खाजवत म्हणाले, ‘खोड म्हंजे... सेल लवकर संपत्यात. आणि कवाकवा मोबाईल ह्येला वळखत न्हाय.’ आण्णा म्हणाले, ‘वळख पटायला चार दिस लागतात. ती खोड न्हवं.’ मोबाईलच्या दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं ऐकत होती. मला लाज वाटायला हवी होती बहुतेक. वाटली नाही. मला फार बरं वाटत होतं.

आणि आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या उजव्या हातावर टाकला.

तुला आठवत असेल. भाव तोंडानं बोलायचा नाही. टॉवेलखाली आपलं एकेक बोट मिटून समोरच्याचं एकेक बोट धरायचं. दोन धरली की दोन, तीन धरली की तीन, शेकडा की हजार ते माल बघून दोघांना कळतं. उभ्या बाजाराला पत्ता लागत नाही. आणि टॉवेलखाली झालेला शब्द फिरत नाही. सयाजींनी हसत हात आत घातला. जुना मोठा कंट्रोलर परत देऊन वर किती द्यायचे, एवढाच सौदा होता. आण्णांचा चेहरा बाजारातल्यासारखा, दगडी. सयाजींनी मान हलवली, ‘दिलं.’ आणि आत जाऊन पावती केली, दोनशेची.

‘तीन धरलीती की मी,’ आण्णा म्हणाले.

सयाजी म्हणाले, ‘न्हाय ओ आण्णा, दोनच. असू द्या की, तुमच्याकडनं जास्त घिऊन काय करू?’

आण्णांनी टॉवेल बाजूला केला आणि आपला हात बघितला. तिसरं बोट बाहेर वाकडं राहिलं होतं. त्यांनी ते मिटायला सांगितलं होतं, ते मिटलं नव्हतं, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. मला वाटलं ते रडतील. ते म्हणाले, ‘हात लबाड झाला.’ कंट्रोलर काउंटरवर ठेवला. ‘सौदा मोडला, पावणं. खोट्या शब्दाचं जनावर दारात बांधायचं नसतं.’ सयाजी कळवळून म्हणाले, तसाच न्या, फुकट न्या. यावर मी त्या सज्जन माणसाला ओरडले, भर दुकानात, की तुम्ही आमच्या आण्णांना भीक घालता काय! (दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. त्यामुळे आणखी वाईट वाटलं.) आणि रिक्षात सगळी वाट मी आण्णांशेजारी बसून तुझ्यावर चिडत होते. ‘कंट्रोलर घे, तू निवड’ म्हणणाऱ्याला काय ठाऊक, की आण्णांना हात खेळायला नको होता, शब्द द्यायला हवा होता. मग मला विचार आला की हे मला तरी कुठं ठाऊक होतं? घरातल्या घरात असून मीही चेंडू आणि होडीच मोजत बसले. म्हणजे निम्मा राग माझ्यावर आहे. पण तुझ्या वाटणीचा निम्मा मी तुला पूर्ण पाठवते आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चेंडूला हात लावला नाही, होडीलाही नाही. चहा झाला की टॉवेल घेतात. ‘आक्का, हात दे.’ आणि मी म्हैस विकायची. पण मला ते जमत नाही. त्यांचं एखादं बोट कसंबसं मिटलं की मला एवढा आनंद होतो की मी लगेच ‘दिली’ म्हणते. ते भडकतात: ‘असला इकणारा असतोय व्हय? जरा न्हाय म्हन की! हात झिडकार! पहिल्या बोलीला म्हस देनारा मानूस बाजारात कोण बघितलाय?’ तुझ्या दाजींनीही बसून बघितलं, ते तर आण्णांनी हात धरायच्या आधीच ‘दिली’ म्हणतात.

एवढंच. माझा राग अजून गेलेला नाही, तो जावा असा तू काही प्रयत्नही करू नकोस. काढा घे.

तुझी,
आक्का

ता. क. १ : पत्र बंद करण्यापूर्वी रोजनिशी पडताळली. भाऊबीजेला तू ‘कुठंही मिळेल’ म्हणाला नव्हतास, ‘बहुतेक कुठंही मिळेल’ म्हणाला होतास. ‘बहुतेक’ मी गाळलं. तेवढ्या एका शब्दापुरती तुझी क्षमा मागते. तसंच तू पळाला नाहीस. गाडी दहाची होती आणि तू साडेनऊला निघालास. चकली मात्र खाल्लीस.

ता. क. २ : मोठा कंट्रोलर धूळ खात पडला आहे असा तुझा समज होऊ नये म्हणून लिहिते. तो पडलेला नाही. कचेरीतून आल्यावर अर्धा तास मी होडी हाकते. कालपर्यंत एकोणीस टप्पे झाले. दाजींना ठाऊक आहे, आण्णांनाही. ते लांबून ‘डावीकडं घे, डावीकडं’ म्हणतात. मोबाईल ओवाळणीच्या ताटात आला होता, तेव्हा त्यावर माझा हक्क आहे की नाही याचा मी प्रामाणिकपणे विचार केला, आणि आहे असं ठरलं. चार्जरची पिन सैल झाली आहे. नवा पाठव.

ता. क. ३ : चार्जर पोस्टानं पाठवू नकोस. काल सकाळी आण्णांनी टॉवेलखाली माझी बोटं धरली. एक, दोन, आणि पुष्कळ वेळानं तिसरं. सैल होतं, पण मिटलं. मी रीतीप्रमाणे विचारलं, कुठली म्हैस? ते म्हणाले, ‘म्हस न्हाय. मृत्युंजयाची रजा. तीन दिस. त्यो जलमल्यापास्नं कशालाच लगेच व्हय म्हनला न्हाय, त्येच्यासंगं सौदा करायचाय मला. इचार त्येला, पटतंय का.’ मी ‘दिली’ म्हणून बसले आहे. टॉवेलखालचा शब्द आहे, मृत्युंजय. तो मला फिरवता येत नाही.