टोमॅटो कसे आहेत

शनिवार रात्र, मिल्टन कीन्स, इंग्लंड

आज मंडळाच्या दिवाळीत कुलकर्णी काकूंनी परत विचारलं, "काय गं, टोमॅटो कसे आहेत तुझे?" मी म्हटलं, छान आहेत. म्हणजे आता मीही खोटं बोलायला लागले.

मी टोमॅटो लावत नाही. मी हेम्प लावते, लायसन्स असलेल्या ग्रो-रूममध्ये, म्हणजे दिवे-हीटिंग लावलेल्या बंद खोलीत, धाग्यासाठी. पण नवऱ्याने, सुहासने, सगळ्यांना टोमॅटो सांगून ठेवलंय. "हेम्प म्हटलं की भांग आलीच. मग बसतील दात काढत. कशाला?" माझ्या झाडांनी कोणाला नशा होत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. चारचौघांत तेवढं सांगायला काय जातं त्याचं?

आणि या आठवड्यात रूमचं हीटिंग बिघडलेलं. गारठ्याने देठ जांभळे पडले. आज दुरुस्ती झाली, पण एकदम ऊब दिली तर पानं कडेने वळतात, म्हणून दिवसभर बसून थोडं थोडं तापमान चढवलं. रोपं सावरतील. सांगायचं कोणाला? काकूंना टोमॅटोच हवेत.

घरी आल्या आल्या सुहासने थर्मोस्टॅट खाली केला. मी म्हटलं, थंडी वाजतेय. तो म्हणाला, "मग स्वेटर घाल ना."

एवढ्या थंडीत हेम्प मरत नाही. नुसतं वाढायचं थांबतं. टोमॅटोचं काय होतं, मला खरंच माहीत नाही.